चेंडूला हात लावायचा नाही

आमच्या महापालिकेने दोन अख्खे उन्हाळे आणि एका मेलेल्या पोलादवाल्याची इस्टेट खर्चून क्रॉली पार्कचं गोल्फचं मैदान पूर्ववत केलं. पूर्ववत म्हणजे १९२३ साली होतं तसं. त्यासाठी १९२३ नंतर आलेल्या सगळ्या गोष्टी काढून टाकल्या. पाचव्या होलजवळचा पाण्याचा नळ काढला. बाकडी काढली. पॉप्लरची रांग तोडली, कारण जुन्या फोटोत झाडं नव्हती. आमच्याकडच्या जुन्या फोटोत माझ्या बापाच्या डोक्यावर केस आहेत, पण ते पूर्ववत करायला अजून कुणी आलेलं नाही. आणि सगळ्यात शेवटी त्यांनी पाइप काढला.

पाइपचं आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं वाचून आम्ही सगळे वेडे आहोत असं वाटेल. आहोतच, पण त्याला कारण आहे.

पहिला फटका जिथून मारतात त्या गवताच्या सपाट ओट्याला पहिली टी म्हणतात. तिच्या शेजारी हा पाइप होता. लोखंडी, तिरका, छपराचं पाणी खाली आणायला असतो तसला. सकाळी आलात की आपला चेंडू वरच्या तोंडातून आत सोडायचा. तो गडगडत जाऊन आधीच्या चेंडूला टेकायचा. खालच्या तोंडाला एक झडप. पुढचे चौघे लांब गेले की झडप उघडायची, चार चेंडू बाहेर, ज्यांचे ते त्यांनी उचलायचे आणि खेळायला निघायचं. बस. मधे घुसता येत नाही, कारण पाइपला मधे तोंड नाही. महापौर आला तरी त्याचा चेंडू कचरागाडीवाल्याच्या चेंडूमागे. वशिला लावायचा तर कुणाला लावणार, पाइपला?

हा पाइप १९५८ साली बसला. त्याआधी माझ्या आजोबांसारखी काळी माणसं सकाळी यायची आणि खिडकीतला माणूस त्यांच्या तोंडाकडे बघून सांगायचा, "आज जागा नाही." रोज नाही. सोमवारी जागा असायची, कारण सोमवारी गवतावर खत मारायचे. मग ओरडाआरडा झाला, कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि शेवटी आमच्या लोकांनी मागितलं ते एवढंच: माणसांचे नंबर लावू नका, चेंडूंचे लावा. चेंडू सगळे गोरेच असतात. हा विनोद माझा नाही, व्हर्डेल आत्याचा आहे, आणि तो सांगताना ती हसत नाही.

व्हर्डेल आत्या ही माझ्या बापाची मोठी बहीण. अख्खी नोकरी सिटी बस चालवण्यात काढली. अजूनही समोर कुणी आडवा आला की तिचा अंगठा हवेत हॉर्न शोधतो. शनिवारची सकाळ म्हणजे क्रॉली पार्क, हे तिचं माझ्या जन्माच्या आधीपासूनचं. दुसऱ्या कुठल्या मैदानावर ती जात नाही. जवळच्या क्लबांना ती "ती रुमाल घडी करून ठेवणारी ठिकाणं" म्हणते. त्यामुळे मैदान बंद होतं ते दोन उन्हाळे तिने घरात बसून काढले, आणि आम्ही तिच्यासोबत बसून काढले, आणि त्याबद्दल आम्हाला कुठल्याच पोलादवाल्याने काही दिलं नाही.

गेल्या हिवाळ्यात डोळ्यांच्या डॉक्टरने तिला सांगितलं की नजरेचा मधला भाग चाललाय. कडेकडेचं दिसत राहील. म्हणजे समोर चेंडू ठेवला तर चेंडू सोडून बाकी सगळं दिसणार.

"या उन्हाळ्यात जे बघायचंय ते बघून घ्या," डॉक्टर हळुवार म्हणाला. त्याच्या मनात बहुतेक समुद्र, नातवंडं, असलं काही असावं.

"क्रॉली पार्क बघायचंय," आत्या म्हणाली. "उघडतंय कधी?"

उघडलं जूनमध्ये. आणि उघडल्यावर कळलं की नंबर आता फोनवर लावायचा.

मी हिवाळ्यात महापालिकेची बर्फ ढकलायची गाडी चालवतो आणि उन्हाळ्यात बर्फ पडायची वाट बघतो, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. पुढच्या महिन्यांच्या वेळा पहाटे खुल्या व्हायच्या. मी गजर लावून उठायचो, अंगठा स्क्रीनवर ठेवून बसायचो, आणि खुल्या होताक्षणी सगळ्या गेलेल्या असायच्या. आमच्या रस्त्यावरच्या एकालाही मिळाली नाही. मिळायच्या कुणाला? टेक्ससहून, कनेक्टिकटहून विमानाने येणाऱ्या लोकांना. ही माणसं पूर्ववत केलेली मैदानं गोळा करतात. एक खेळलं की यादीत खूण करायची आणि पुढच्या गावी. ते इतके सभ्य असतात की त्यांच्यावर नीट चिडताही येत नाही, आणि त्यामुळे जास्तच चिडायला होतं.

एकदाच मला एक वेळ मिळाली. डिसेंबरचा दुसरा मंगळवार, दुपारची.

"डिसेंबरात तो रस्ता बर्फाने बंद असतो," आत्या म्हणाली.

"हो."

"उघडतो कोण?"

"मीच."

"मग उघडत बस," ती म्हणाली आणि रेडिओ मोठा केला.

पाइप परत बसवा म्हणून आम्ही मैदानाच्या पुनरुद्धार प्रतिष्ठानाला विनंती केली. त्यांचं उत्तर फार गोड होतं. तुमच्या भावनांची आम्हाला कदर आहे, परंतु पाइप हा मूळ आराखड्याचा भाग नव्हता.

"मीपण नव्हते मूळ आराखड्यात," आत्या म्हणाली.

जुलैतल्या एका शनिवारी सकाळी ती गोल्फची पिशवी खांद्याला लावून माझ्या दारात उभी.

"गाडी काढ, ब्रोज."

माझं नाव ॲम्ब्रोज. तिला एवढं लांब बोलायला वेळ नसतो.

"आत्या, आपला नंबर नाहीये."

"नंबर नसतोच. लावावा लागतो. गाडी काढ."

पार्कात नंबर पुकारायला नवा माणूस होता, कोल्बी. पन्नाशीचा, आधी बँकेत होता. प्रतिष्ठानाने त्याला १९२३ चे कपडे घातले होते: गुडघ्याखाली फुगलेली अर्धी विजार, चौकटीचे लांब मोजे आणि बो टाय. जुलैच्या उन्हात तो बिचारा आतून शिजत होता, पण मूळ आराखड्यात घामाची सोय नव्हती.

आत्या त्याच्याकडे न बघता पुढे गेली. "पाइपचं खालचं तोंड कुठे होतं?"

"अजून थोडं पुढे," मी म्हणालो. "डावीकडे. हां."

तिने खिशातून चेंडू काढला. आम्ही सगळे आपापल्या चेंडूवर खूण करतो, पाइपमधून बाहेर आल्यावर ओळखू यावा म्हणून. आत्याची खूण म्हणजे जांभळ्या नेलपॉलिशचे दोन ठिपके. तिने वाकून चेंडू गवतावर ठेवला, कंबर सरळ केली आणि म्हणाली, "लागला नंबर."

एक गोष्ट माझ्या तेव्हाच लक्षात आली. १९२३ ची पहिली टी जिथे होती तिथे परत नेताना त्यांनी ती सरकवून बरोबर पाइपच्या जागेवर आणली होती. आत्याचा चेंडू आता ओट्याच्या मधोमध होता. हे मुद्दाम सांगतोय, कारण नंतर आम्ही टी अडवली असं बोललं गेलं. आम्ही टी अडवली नाही. टी आमच्या रांगेत येऊन बसली.

तेवढ्यात कुझ्मा आला. कुझ्मा हा निवृत्त खाटीक. आत्याबरोबर वर्षानुवर्षं शनिवारी खेळतो आणि पहिल्या होलपासून अठराव्यापर्यंत तिच्याशी भांडतो. त्याच्या चेंडूवर डुकराचं चित्र असतं.

"शेवटचा कोण?" त्याने विचारलं.

"मी," आत्या म्हणाली.

त्याने चेंडू तिच्या चेंडूमागे ठेवला. "म्हातारे, तू अजून जिवंत आहेस?"

"तुझ्या हातचं मटण बंद झाल्यापासून बरं वाटतंय."

मग पोस्टातली माणसं आली. रात्रपाळी संपवून दोन नर्स आल्या. आमच्या चर्चचे पास्टर आले. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं, निदान माझ्या समोर तरी नाही. प्रत्येकजण "शेवटचा कोण" विचारायचा, चेंडू ठेवायचा आणि बाजूला जाऊन उभा राहायचा. बाकडी नव्हती, म्हणून सगळे उभेच. बघता बघता पांढऱ्या चेंडूंची रांग ओट्यावरून आडवी निघाली आणि पलीकडच्या उताराला लागली.

कोल्बी धावत आला. मोजे सांभाळत धावत आला.

"मॅडम, इथे चेंडू ठेवता येत नाहीत."

"ठेवलाय की."

"म्हणजे तो उचलावा लागेल."

"उचल मग," आत्या म्हणाली.

कोल्बी वाकला. हात पुढे गेला, चेंडूच्या वर आला आणि तिथेच थांबला. तो तसाच वाकलेला राहिला. मग हात मागे घेऊन त्याने बो टाय सरळ केला.

माझ्या ओळखीत अशी माणसं आहेत जी बायकोला फसवतात, टॅक्स बुडवतात, चर्चच्या पेटीत बटणं टाकतात. पण दुसऱ्याच्या थांबलेल्या चेंडूला हात लावणारा गोल्फर मी अजून पाहिलेला नाही. चेंडू जिथे थांबला तिथून खेळायचा आणि दुसऱ्याच्या चेंडूला बोट लावायचं नाही, एवढ्यावर हा सगळा खेळ उभा आहे. बाकी मग विजारी आणि मोजे.

"गवत कापणाऱ्याला बोलावतो," कोल्बी म्हणाला.

गवत कापणारा यंत्रावर बसूनच आला. त्याने रांग पाहिली आणि यंत्र बंद केलं. "गवत कापायला सांगा, कापतो. चेंडू कुणीतरी उचलून द्या."

"तुम्हीच उचला ना," कोल्बी म्हणाला.

"मी? मी दर गुरुवारी खेळतो, साहेब," तो दुखावल्यासारखा म्हणाला. यंत्र चालू करून निघून गेला.

आणि मग ज्यांची खरी वेळ होती ते आले. व्हिटलॉक थेयर, प्रतिष्ठानाचा अध्यक्ष, आणि त्याच्यासोबत मोठ्या देणग्या दिलेले तिघे पाहुणे. थेयर उंच, उन्हात रापलेला, दूध सांडलं तरी दिसणार नाही अशा पांढऱ्या विजारीत. त्याने ओट्याकडे पाहिलं.

"हे काय आहे?"

"चेंडू, सर," कोल्बी म्हणाला.

"ते मला दिसतंय. कुणाचे?"

सगळ्यांनी हात वर केले. नर्सनी, पास्टरांनीसुद्धा.

थेयर चिडला नाही. ही माणसं लगेच चिडत नाहीत, त्यांच्याकडे वेळ असतो. तो हसला आणि आत्याकडे आला, कारण सगळे तिच्याकडे बघत होते.

"मॅडम, तुमची तळमळ मी समजू शकतो. पण हे मैदान आता जसं असायला हवं तसं झालंय. अगदी १९२३ सारखं. तेव्हा इथे पाइप नव्हता."

"१९२३ साली माझे आजोबा इथेच होते," आत्या म्हणाली.

"खरंच?" थेयरचा चेहरा उजळला. तो पाहुण्यांकडे वळला. "ऐकलंत? हा खरा वारसा!"

"पिशव्या उचलायचे. खेळायला बंदी होती." तिने हात पुढे केला. "दे तुझी पिशवी. एवढं पूर्ववत करायचंच आहे तर अर्धवट कशाला सोडता?"

एका पाहुण्याने आपली पिशवी दोन्ही हातांनी धरली, जणू आत्या ती खरंच ओढून घेणार होती. मला तिचा इतका अभिमान वाटला, आणि त्या माणसाचा इतका राग आला, की मी खिशातल्या गाडीच्या किल्ल्या घट्ट धरून उभा राहिलो. नंतर तळहातावर किल्लीचे दात उमटलेले होते.

"आणि माझा आजोबा इथे खड्डे खणायचा," कुझ्मा म्हणाला. "स्लोव्हाकियातून येऊन. तो नवा वाळूचा बंकर बघ मधोमध. तो त्यानेच पहिल्यांदा खणला, पाठ गेली त्याची. मग तो बुजवला तेव्हा आम्ही घरी केक कापला. आता परत खणलात."

"मी पोलिसांना बोलावतोय," दुसरा पाहुणा म्हणाला.

पोलीस आला. एकटाच, शांत, गाडी नीट लावून आला. रांगेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेला, मधे एकदा खाली बसून कुझ्माचं डुक्कर पाहिलं.

"यातला शेवटचा कुणाचा?" त्याने विचारलं.

"माझा," पास्टर म्हणाले.

पोलीस गाडीकडे गेला, डिकी उघडली, परत आला आणि पास्टरांच्या चेंडूमागे आपला चेंडू ठेवला. "माझी ड्यूटी लवकरच संपते," त्याने थेयरला सांगितलं. "फोनवर मलापण कधी मिळाली नाही हो वेळ."

तिथे थेयरच्या चेहऱ्यावरचा समजूतदारपणा संपला.

"ठीक आहे," तो म्हणाला. "आमची वेळ झालीय. आम्ही खेळणार."

"खेळ ना," कुझ्मा म्हणाला. "जागा बघ."

जागा होती, आत्याच्या आणि कुझ्माच्या चेंडूंच्या मधे, वीतभर. टीवरून खेळायचं तर तिच्या दोन कडांना रोवलेल्या खुणांच्या मधूनच खेळावं लागतं, आणि थेयर नियम मोडणारा माणूस नव्हता. त्याने त्या वीतभर जागेत लाकडी खुंटी रोवली, तिच्यावर आपला कोरा चेंडू ठेवला, दोन पावलं मागे सरकला आणि काठी हातात घेऊन एक सरावाचा फटका हवेत मारला.

त्या क्षणी सगळे पोलिसाशी बोलत होते. पास्टर त्याला घरी कोण कोण आहे ते विचारत होते. कोल्बी घाम पुसत होता. थेयरकडे फक्त आम्ही दोघं बघत होतो, मी आणि आत्या, आणि आत्या बघत होती असं म्हणायचं ते केवळ तिचं तोंड तिकडे होतं म्हणून. काठी खाली आली, काठीचं टोक आत्याच्या चेंडूला लागलं, आणि चेंडू गडगडत ओट्याच्या कडेला जाऊन थांबला.

थेयर गोठला. त्याने वर पाहिलं. माझी त्याची नजरानजर झाली. मी तोंड उघडायच्या आधीच मला कळलं की त्याला गप्प बसता येईल. माझ्या शब्दाला त्याचा शब्द, आणि आमच्या शहरात त्याचा निकाल कसा लागतो ते आम्हाला दोघांनाही ठाऊक होतं. त्याने मान खाली घालून फटका मारला असता तर तो, त्याचे पाहुणे आणि १९२३ साल, सगळे सुखाने पुढे गेले असते.

पण तो गोल्फर होता. हा एक रोग आहे. कुणी बघत नसताना आपला गुन्हा आपणच सांगणारी जगात एवढीच एक जमात आहे, आणि त्यांचा तो प्रामाणिकपणा फक्त त्या गवतापुरता असतो. गाडीत बसले की संपला.

थेयरने हात वर केला.

"माझ्याकडून हलला," तो म्हणाला.

"काय हलला?" कुझ्मा वळला.

"यांचा चेंडू. सरावाच्या फटक्यात."

कुझ्मा सावकाश जवळ आला. आयुष्यभर सुरीला धार लावली की कुठून कापायचं ते ठरवायला तो थोडा थांबायचा, तसा थांबला. "दुसऱ्याचा खेळातला चेंडू हलवला तर काय करायचं असतं रे?"

"होता तिथे परत ठेवायचा," थेयर म्हणाला. शाळेतल्या हुशार पोरासारखं, पटकन. आणि बोलून झाल्यावर त्याला कळलं.

"खेळातला," कुझ्मा म्हणाला.

"तो खेळातला नाही. तो नुसता ठेवलाय."

"मग हात वर कशाला केलास?"

थेयरने पाहुण्यांकडे पाहिलं. पाहुण्यांनी, खरं सांगतो, नजर खाली घातली. तेही गोल्फरच होते. एक तर हळूच म्हणाला, "व्हिट, ठेवावा लागेल."

मग क्रॉली पार्क पुनरुद्धार प्रतिष्ठानाचा अध्यक्ष पांढऱ्या विजारीसकट ओल्या गवतावर गुडघे टेकून बसला आणि जांभळ्या ठिपक्यांचा चेंडू दोन बोटांत धरून म्हणाला, "इथे?"

"डावीकडे," आत्या म्हणाली.

"इथे?"

"एवढा डावीकडे नाही. मागे घे. अरे मागे म्हणजे मागे, बसमध्ये कधी चढलायस की नाही?"

"आता?"

"ठिपके वर होते."

त्याने ठिपके वर केले. मला माहीत होतं की त्या अंतरावरून आत्याला ठिपके काय, चेंडू काय, मधोमध बसलेला अख्खा थेयर धूसर दिसत असणार. तिच्या तोंडावर मात्र असा भाव होता जणू ती गवताची पाती मोजतेय. मी खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं.

"बरोबर," ती शेवटी म्हणाली. "ऊठ."

तो उठला. गुडघ्यांवर दोन हिरवे गोल. "हे फक्त आजच्यापुरतं," तो म्हणाला, आणि आता त्याचा आवाज खरा होता, भावनांची कदर वगैरे काही नव्हती त्यात. "सोमवारी इथे दोरी बांधली जाईल. कुणी चेंडू ठेवणार नाही."

"दोरीच्या अलीकडे ठेवू," आत्या म्हणाली. "गवत काय एवढंच आहे? आणि मध्ये उभा राहू नकोस. तुझा नंबर लाव. शेवटचा कोण ते विचार."

"मी पोलिसाच्या मागे?"

"तो आधी आला."

थेयरने आपली खुंटी उपटली. शेवटचा कोण ते त्याने विचारलं नाही, तेवढा तो वाकला नाही. पण उतारावरून खाली गेला आणि पोलिसाच्या चेंडूमागे आपला कोरा चेंडू ठेवून छातीवर हात बांधून उभा राहिला. पाहुणे क्लबहाउसात सॉसेज खायला गेले. त्या सॉसेजबरोबर आता अंजिराचा मुरंबा देतात. हेसुद्धा १९२३ चं नाही, पण ते कुणी काढत नाही.

कोल्बीने घसा साफ केला. कुणाचं नाव पुकारायचं ते त्याला कळेना. "पुढचा... पुढचा चेंडू," तो म्हणाला.

आत्या ओट्यावर चढली. तिच्या सांगण्यावरून मी तिच्या चेंडूखाली खुंटी लावली. तिने काठी हातात घेतली आणि माझ्या कानाशी आली.

"कुठे आहे?" ती कुजबुजली. रागानेच कुजबुजली. मदत मागावी लागली की ती जास्त चिडते.

मी काठीचं डोकं धरून चेंडूच्या मागे टेकवलं. "इथे."

"हात काढ."

मी हात काढला. तिने मान जराशी वळवली, कारण आता चेंडू दिसायला तिला चेंडूकडून नजर हटवावी लागते, आणि मारला. आवाज चांगला आला. तिने तो ऐकला, मी पाहिलं तिच्या चेहऱ्यावर.

"कुठे गेला?"

सरळ गेला होता. खालून, सरळ, तिचा असतो तसा. आणि मैदानाच्या मधोमध पूर्ववत केलेल्या त्या बंकरमध्ये वाळूत जाऊन बसला होता.

"बंकरमध्ये," मी म्हणालो.

"तिथे बंकर नाही."

"आता आहे."

त्यानंतर ती जे बोलली ते बोलायला सिटी बसमध्ये मनाई आहे, तशी पाटी असते ड्रायव्हरच्या मागे. पास्टर आकाशाकडे बघत राहिले. मग ती पिशवी ओढत खाली उतरली, मी मागे, कुझ्मा त्याच्या मागे. बंकर तिच्या छातीएवढा खोल होता. ती काठावर बसली, पाय आत सोडले आणि वाळूत उतरली.

पहिल्या फटक्यात वाळू उडाली. चेंडू तिथेच. दुसऱ्यात जास्त वाळू उडाली.

"वाळूतली ती उघड्या तोंडाची काठी घे, म्हातारे," कुझ्मा वरून म्हणाला.

"तुझं तोंड आहे उघडं, तेवढं पुरे."

तिसऱ्या फटक्याला चेंडू भिंतीला लागून परत तिच्या पायाशी आला. तिने तो पायाने चाचपला नाही. मान तिरकी करून, डोळ्याच्या कोपऱ्यातून शोधत राहिली. मी जिभेवर आलेलं गिळलं. सापडला तिला.

कोल्बी मैदानातून धावत येत होता, एक मोजा घोट्यावर घसरलेला. "मॅडम, मागे सगळे थांबलेत. एवढा वेळ लागला तर चेंडू उचलायचा असा नवा नियम आहे. उचला."

आत्याने वर पाहिलं, म्हणजे त्याच्या आवाजाच्या दिशेला पाहिलं. तिच्या भुवयांत वाळू होती.

"हे मैदान पालिकेचं आहे ना?"

"हो, पण..."

"म्हणजे माझं. हा खड्डापण माझा. दोन उन्हाळे मी याची वाट बघितलीय. मी माझ्या खड्ड्यात आहे आणि मला पाहिजे तोपर्यंत राहणार. मागे जाऊन सांग त्यांना."

कोल्बी उभा राहिला. मग त्याने खाली वाकून मोजा वर ओढला आणि सांगायला गेला.

आत्याने परत काठी उचलली. पुन्हा वाळू उडाली, माझ्या तोंडात गेली, कुझ्माच्या मिशीत गेली.

"कुठे गेला?" तिने विचारलं.

"इथेच आहे, आत्या."

"छान," ती म्हणाली. "सरक बाजूला."